रूथबाईंनी नदीत घातलेली इर्जिक

मंडळी, बसून घ्या. मागं उन्हात उभे आहेत त्यांनी पुढं या, पत्र्याखाली अजून जागा आहे. कॉम्प्रेसर बंद केलाय, वेल्डिंग बंद आहे, हातोडेही खाली ठेवलेत. या शेडमध्ये मी एवढी वर्षं ओरडूनच बोलत आलो. आज ओरडायची गरज नाही, तर हळू बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मालक, रूथबाईंच्या धाकट्या बहीण शालिनीताई, चर्चमधून आलेले पाळकसाहेब, कोल्हारहून एस.टी.नं आलेले आपले पाहुणे, आणि माझ्या कामगार बांधवांनो.

आपल्या रूथबाई साळवे गेल्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथूनच गेल्या. मागच्या सोमवारी आपण त्यांना माती दिली. तिथंच शालिनीताई मला म्हणाल्या, फोरमन, सभेत तुम्ही बोला. मी म्हटलं, ताई, तुमच्या बहिणीशी माझं एक दिवस पटलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही बोला.

तर मी बोलतो. पण एक आधीच सांगतो. मला रडगाणं जमत नाही, आणि या बाईंना ते शोभतही नाही. ही बाई जिंकून गेली आहे. कशी जिंकली ते सांगायला मी उभा आहे.

नव्यानं लागलेल्यांना माहिती नसेल, बाई मूळच्या शाळेतल्या. कितीतरी वर्षं त्यांनी पोरांना इंग्रजी आणि भूगोल शिकवला. आपल्या नगर-नागापूरच्या या कारखान्याला बाहेरून चौकशा यायला लागल्या, तेव्हा इंग्रजीत पत्रं लिहायला माणूस हवा होता. मालकांनी बाईंना आणलं. आणि पत्रं लिहिता लिहिता बाईंनी सगळं पाठवणीचं खातंच हातात घेतलं. तयार झालेला माल बांधायचा, त्याचे कागद करायचे, गाडी ठरवायची, बंदरापर्यंत पोचवायचा. एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक काळी छत्री. एवढं ते खातं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझी खिळे ठोकून बंद केलेली मालाची पेटी उघडायला लावली. मी विचारलं, का? म्हणाल्या, आत ग्रीस नीट लागलंय का बघायचंय. मी म्हटलं, लावलंय. त्यांनी आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. कोरडं. म्हणाल्या, फोरमन, समुद्राची हवा लागली की याला गंज चढेल. आता माझं डोकं फिरलं. पोरं बघत होती ना! मी म्हटलं, बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का कधी?

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

मी म्हटलं, नाही.

"मग दोघांनाही माहिती नाही. ग्रीस लावा."

हसा, हसा. बाईंनाही हसू यायचं, पण त्या ते दाबायच्या. शाळेतली सवय.

बांधवांनो, आता दुष्काळाचं साल आठवा. विसरणार कसं म्हणा. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं छावणीत होती, बायाबापड्या सरकारी कामावर खडी फोडत होत्या. इथं कामाला असलेल्या एकेकाच्या पगारावर गावाकडं आख्खं घर जगत होतं. आणि त्याच साली कारखान्यात काम नव्हतं. इथली धरणं, इथले रस्ते, सगळ्यांनी मागणी थांबवलेली. मालकांनी आपल्याला या इथंच गोळा करून सांगितलं होतं. मालक, बोलू ना? त्यांनी सांगितलं होतं की हातात आता एकच मोठं काम आहे. आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणीवर जाणारं दगड फोडायचं यंत्र. ते ठरलेल्या जहाजावर चढलं तर पुढची यंत्रंही आपल्याला मिळतील. जहाज चुकलं तर सौदा मोडला. मग शेवटच्या दोन वर्षांत जे लागलेत, त्या सगळ्यांना घरी बसावं लागेल.

मालकांनी काही लपवलं नाही. त्यांना दोष नाही.

यंत्र आपण केलं. काय केलं हो! जाड पोलादी पत्रे जोडून केलेला तो जबडा, त्यात बैलगाडी उभी राहावी. वेल्डर पोरांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण एका सांध्यात खोट निघाली नाही. मी आयुष्यात एवढं सुंदर लोखंड पाहिलं नाही. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि मग सगळ्यांना एकदम प्रश्न पडला. आता हे न्यायचं कसं?

आमच्याकडं म्हण आहे, आधी लग्न ठरवलं, मग मांडवाला जागा शोधली. तसं झालं. यंत्र खाणवाल्यांना अखंड हवं होतं, तुकडे करून चालणार नव्हतं. रेल्वेवाल्यांनी मापं घेतली आणि मान हलवली, बोगद्यात अडकेल. पुण्याच्या रस्त्यानं खंडाळ्याच्या घाटात उंची बसेना. राहिला मनमाडचा रस्ता. कोल्हारपर्यंत जायचं, तिथून लोणीवरून सिन्नर, नाशिक आणि कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई. बाईंनी प्रत्येक पुलासाठी अर्ज केला. सगळ्या पुलांना परवानगी आली. एका पुलाला आली नाही. कोल्हारचा, प्रवरेवरचा. त्याला हे वजन झेपायचं नाही, असं स्पष्ट उत्तर आलं. खरंच होतं ते.

मालक डोक्याला हात लावून बसले. मी बसलो. बाई नकाशा बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुलावरून नाही ना? मग पुलाखालून जाऊ."

मी म्हटलं, बाई, पुलाखाली नदी असते.

"नदीत पाणी कुठंय?"

खरंच, नव्हतं. प्रवरा तेव्हा कोरडी ठणठणीत होती, नुसती वाळू. मी म्हटलं, वाळूत ट्रेलर आसापर्यंत रुतेल, कुणाचा बाप तो काढणार नाही. तेव्हा बाईंनी मला विचारलं, "तुम्ही गावाकडचे. तुमच्याकडं एखाद्याची नांगरट अडली, बैल नसले, तर काय करता?"

मी म्हटलं, इर्जिक घालतो. म्हणजे गावाला हाक द्यायची, सगळे आपापली औतं घेऊन येतात, एका दिवसात रान नांगरून देतात. मजुरी नाही. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पुढं त्यांनी हाक दिली की जायचं.

"मग आपण घालू," बाई म्हणाल्या.

मी हसलो. इर्जिक शेताला घालतात हो! यंत्राला कुणी इर्जिक घातल्याचं ऐकलंय का तुम्ही? पण बाईंचं ठरलं की ठरलं.

आणि मग बाईंनी काय करावं? शाळामास्तरीण ती. मोठ्या कागदावर मोत्यासारख्या अक्षरात सूचना लिहिली. 'सर्व ग्रामस्थांस नम्र विनंती की...' आणि कोल्हारच्या चावडीवर चिकटवून आल्या. दोन्ही कोल्हारांत, बुद्रुकमध्ये आणि खुर्दमध्येही. आणि इथं येऊन वाट बघत बसल्या. कोण येतंय? एक चिटपाखरू फिरकलं नाही. बाई हिरमुसल्या. मला म्हणाल्या, लोकांना नको असेल. मी म्हटलं, बाई, लोकांनी वाचलं असेल आणि पुढं गेले असतील. इर्जिकीचं आवतण कागदावर देतात होय? ते तोंडानं द्यायचं असतं, घरटी. उंबऱ्यापर्यंत जाऊन.

दुसऱ्या दिवशी बाई छत्री घेऊन निघाल्या. मला म्हणाल्या, चला. त्या उन्हात आम्ही दारोदार फिरलो. प्रत्येक घरी बाई म्हणायच्या, "मी नगरची रूथ साळवे. आमचं यंत्र अडलंय. या आमच्या हाकेला." कुणी पाणी दिलं, कुणी नुसतं बघत राहिलं. शेवटी आम्हाला पारावर बसवलं ते दगडूआबांनी. आबा आज इथं पहिल्या रांगेत बसलेत. आबा, चुकलं तर सांगा.

आबा म्हणाले, "बाई, इर्जिक मंजी काय ठावं हाय का तुमाला? आज आमी तुमची हाक ऐकली, तर उंद्या आमची हाक तुमी ऐकायची. न्हाई आलात, तर पुन्यांदा या रस्त्यानं जाताना तोंड लपवावं लागंल."

बाई म्हणाल्या, "येऊ."

"नांगर धरता येतो व्हय?"

"नाही येत. जे येतं ते करू."

आबांना ते आवडलं. पण अजून एक खोच होती. म्हणाले, "भंडारदऱ्याच्या धरनाचं पानी नदीला सुटनार हाय. पंदरा दिस झालं, गाव त्याच्याकडं डोळं लावून बसलंय. पानी आलं की तुमचं यंत्र वाळूतच ऱ्हाईल. मग?"

बाई म्हणाल्या, "पाणी आमच्यासाठी थांबायला नको. आम्ही पाण्याआधी निघू."

ही गोष्ट कारखान्यात कळली आणि इथं नुसता भडका उडाला. मालकांची वर ओळख होती. एक शब्द टाकला असता तर पाणी सुटायचं दोन दिवस लांबलं असतं. सगळे म्हणाले, टाका शब्द! मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. आपल्या पोरांच्या पोटाचा प्रश्न होता. मी बाईंच्या टेबलावर हात आपटून म्हटलं, बाई, दोन दिवसांनी कोल्हार मरत नाही! मी आजही म्हणतो, तेव्हा चिडण्यासारखंच होतं.

बाई मालकांकडं बघून म्हणाल्या, "ज्यांना ओढायला बोलावतोय, त्यांच्याच घशातलं पाणी अडवायचं? मग त्यांनी कशाला यावं? आणि आले तर मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मालकांनी शब्द टाकला नाही. मालक, तुम्हालाही हात जोडतो त्यासाठी.

मंडळी, तो दिवस. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, पण मला सांगायचाच आहे. इथून ट्रेलर निघाला तेव्हा वाटलं होतं, तिथं पाचपन्नास माणसं असतील. उतारावर आलो आणि बघतो तर दोन्ही काठ माणसांनी भरलेले! खडी फोडायला जाणाऱ्या बाया सुट्टी टाकून आलेल्या. त्यांनी वाळूत बाभळीच्या फांद्या आंथरल्या, वर उसाचं पाचट, त्यावर खडी. इथली पोरं त्यावर रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर टाकत होती. मी आबांना विचारलं, बैल किती? आबा म्हणाले, "बैलं कुटली आलीत? छावनीत हुबी हायेत, नुसती हाडं. मानसं हायेत की!"

आणि माणसांनी जाडजूड दोरांचे नाडे हातात घेतले. पुढं ट्रेलरचं इंजिन, दोन्ही बाजूंना नाडे, नाड्यांना माणसं. गडी, बाया, म्हातारे, सगळ्या जाती, सगळा गाव. एक पोरगा धावत आला, वरच्या गावात पाणी दिसलं म्हणाला. दिसलं! म्हणजे आता यायला किती वेळ? सगळ्यांनी नाडे घट्ट केले.

नदीच्या मध्यावर डावं चाक रुतलं. स्लीपर मोडला आणि यंत्र कललं. गडी हरहर महादेव म्हणत ओढतायत, पण प्रत्येकजण आपापल्या वेळेला. या टोकाला ओढतात तेव्हा त्या टोकाला श्वास घेतात. तेवढ्यात बाई साडी खोचून वाळूत उतरल्या. छत्री मिटली, वर धरली आणि शाळेत कवायतीला द्यायच्या तशी आरोळी दिली, "सावधान! एक, दोन, ओढा! एक, दोन, ओढा!"

आबा, हसताय काय? तुम्हीही ओढत होता की!

आख्खं कोल्हार बाईंच्या छत्रीवर चालायला लागलं. छत्री वर, सगळे थांबले. छत्री खाली, सगळ्यांची पाठ एकदम वाकली. चाक हललं. पुन्हा. हललं. आणि मग ते यंत्र असं काही वर आलं की पुढचे दहाबाराजण तोंडावर आपटले! कुणाला लागल्याची शुद्ध नव्हती. पलीकडच्या काठावर चाकं चढली तेव्हा जो गलका झाला, तो लोणीपर्यंत गेला असेल.

आणि थोड्या वेळानं पाणी आलं. आधी वाळूतून काळसर रेघ, मग फेस, मग खळखळ. यंत्र काठावर, पाणी नदीत. दोन्ही! आता सगळं गाव यंत्र सोडून पाण्याकडं धावलं. बाया हांडे घेऊन, पोरं अंगावरच्या कपड्यांसकट. बाईंनी चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी काठावरून ओरडलो, बाई, पिशवीतले कागद भिजतील! त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारत होत्या. त्या बाईंना एवढं मोकळं हसताना मी त्या दिवशीच पाहिलं.

संध्याकाळी जेवण. इर्जिक घालणाऱ्यानं घालायचं ते. दुष्काळात कुठलं पुरणवरण? केडगावच्या आणि नागापूरच्या आपल्या घरांतून रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या भाजून आल्या होत्या, वर ठेचा आणि कांदा. बाई एका बाजूला बसायला लागल्या, तर आबांनी हाताला धरून शेजारी बसवलं. "इर्जिक घालनारा मदी बसतो," म्हणाले. कुणाला काय वाटायचं ते वाटलं असेल, पण पंगत एकच बसली.

मग आम्ही मुंबईला गेलो. यंत्रासोबत मी आणि बाई. बंदरावर क्रेनवाल्यानं साखळ्या कुठं अडकवायच्या विचारलं. बाईंनी आधीच काळ्या रंगानं खुणा करून ठेवल्या होत्या. त्याच जागी साखळ्या अडकवल्या आणि क्रेननं उचललं. मंडळी, केसभरही कललं नाही. आपलं यंत्र! प्रवरेच्या वाळूतून आलेलं! हवेत सरळ वर गेलं आणि जहाजाच्या पोटात अलगद उतरलं. मी टोपी काढून नाचलो. खोटं सांगत नाही. तिथले हमाल बघत राहिले.

बाई समुद्राकडं तोंड करून उभ्या होत्या. पहिल्यांदाच बघत होत्या. मी वाट बघत होतो, आता काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "वास किती खारट आहे. ग्रीस अजून एक हात लावायला हवं होतं."

आता सांगा, अशा माणसाशी कुणाचं पटणार?

त्यानंतर यंत्र खाणीवर बसलं, चालू झालं, आणि त्यांनी पुढचं मागितलं. मग त्याच्या पुढचं. आज या शेडमध्ये जे उभं आहे ना अर्धं झालेलं, हे त्याच खाणीचं. बाई असत्या तर त्याची पेटी कशी बांधायची यावर आज माझ्याशी भांडल्या असत्या.

कोल्हारची हाकही आली. पावसाआधी आबांनी माणूस पाठवला, विहिरींवरची इंजिनं बंद पडलीत, या. बाईंनी सुट्टीच्या दिवशी आपल्या फिटरांची गाडी भरली. आपण गेलो, गावातली एकूण एक इंजिनं खोलून चालू करून दिली. बाईंना त्यातलं काही येत नव्हतं. त्या विहिरीच्या काठावर छत्री घेऊन बसल्या आणि पोरांना आफ्रिका कुठं आहे ते शिकवत राहिल्या.

मला लई वाईट वाटतंय, मंडळी. सरळ सांगतो. सकाळी आलो की पहिलं भांडण करायला माणूस उरलं नाही. त्यांच्या टेबलाकडं बघवत नाही. पण मी त्यांना हरलेली म्हणून निरोप देणार नाही. कुणी देऊ नका.

आता आपण त्यांच्यासाठी उभं राहायचं आहे. पण आज सगळ्यांनी एकदम नको. आधी ते उभे राहा, जे त्या दुष्काळाच्या आधीच्या दोन वर्षांत इथं लागले. ज्यांना ते यंत्र वाळूत राहिलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. फक्त तेच.

उठा. लाजू नका, उठा. हां. तुम्ही पण, मागचे. वेल्डर, उठा. पेंटवाले, उठा. गेटवरचे, तुम्ही सुद्धा.

शालिनीताई, जरा मागं वळून बघा. मालक, तुम्हीही बघा. कोल्हारकर, बघा. यातल्या एकालाही घरी जावं लागलं नाही. एकालाही नाही.

आता बाकीचे आपण सगळे उठू. माना खाली घाला. कुणी काही बोलू नका. रूथबाई, हे तुमच्यासाठी.